समांतर रेषांचा चढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी आणि नेरूळ या भागांतील दहावी-अकरावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक निर्देशक भूमितीतील या एका भागाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे छापलेली असतात. येथे सर्वत्र क्ष आणि य घेतले आहेत. समांतर रेषांचे चढ समान असतात हे वाक्य बहुतेकांना पाठ असते, पण ते कोणत्या अटींवर खरे आहे आणि त्याच्या उलट दिशेने जाताना आणखी काय तपासावे लागते हे थोड्यांनाच सांगता येते. उत्तरांचा भर त्यामुळे तिकडे आहे.

प्रश्न: शेजारच्या मुलीला दहावीत रेषेचा चढ शिकवतात, आमच्या मुलाला मात्र तो नाही. असे का?

बहुधा दोघांची मंडळे वेगळी आहेत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमिती या प्रकरणात अंतराचे सूत्र, विभाजनाचे सूत्र आणि रेषेचा चढ हे तिन्ही येतात. सीबीएसईच्या दहावीत पहिली दोनच सूत्रे असून चढ अकरावीच्या सरळ रेषांच्या प्रकरणात येतो. तरीही सीबीएसईच्या दहावीतील विद्यार्थ्याला समांतर रेषा अगदीच अपरिचित नसतात, कारण दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या जोडीला उत्तर केव्हा नसते हे तो सहगुणकांच्या गुणोत्तरांवरून शिकलेला असतो. ती अट आणि चढांची अट या एकाच गोष्टीच्या दोन मांडण्या आहेत, हे पुढे दाखवले आहे.

प्रश्न: चढ काढताना कोणता बिंदू पहिला धरायचा?

कोणताही चालतो, मात्र एकदा धरलेला क्रम अंश आणि छेद या दोन्ही ठिकाणी तोच ठेवावा लागतो. (क्ष१, य१) आणि (क्ष२, य२) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ (य२ − य१)/(क्ष२ − क्ष१) इतका असतो. अंशात दुसऱ्यातून पहिला आणि छेदात पहिल्यातून दुसरा वजा केला, तर संख्या बरोबर येते पण चिन्ह उलटते आणि वर जाणारी रेषा उत्तरात खाली उतरू लागते. समांतर रेषांच्या उदाहरणात ही चूक विशेष महाग पडते, कारण एका रेषेच्या बाबतीत चिन्ह चुकले की २ आणि −२ असे चढ समोर येतात आणि विद्यार्थी बिनदिक्कत ‘रेषा समांतर नाहीत’ असे लिहून मोकळा होतो.

प्रश्न: समांतर रेषांचे चढ समान का असतात? हे सिद्ध करता येते की मान्यच करायचे?

सिद्ध करता येते, आणि त्यासाठी नववीपर्यंतची भूमिती पुरते. क्ष-अक्षाला छेदणाऱ्या दोन समांतर रेषा घ्या. क्ष-अक्ष ही त्यांची छेदिका झाली, म्हणून तिच्याशी होणारे संगत कोन समान आहेत. अक्षाच्या धन दिशेशी रेषेने केलेल्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजेच चढ असल्याने, कोन समान असतील तर चढही समान असणारच. रेषा क्ष-अक्षाला समांतर असतील तर छेदिका मिळत नाही, पण तेथे दोघींचाही चढ शून्य आहे, म्हणून वेगळ्या युक्तिवादाची गरज उरत नाही.

उलट दिशेने, म्हणजे चढ समान असल्यावरून रेषा समांतर आहेत असे म्हणताना, एक पायरी बहुतेक वह्यांतून गळते. दोन कोनांची टॅन गुणोत्तरे समान असली म्हणजे ते कोन समान असतातच असे सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. रेषेचा कोन मात्र नेहमी ०° ते १८०° या मर्यादेतच मोजला जातो (१८०° वगळून), आणि त्या मर्यादेत टॅनची प्रत्येक किंमत एकाच कोनाला येते. म्हणून येथे चढ समान असल्यावर कोन समान, आणि कोन समान असल्यावर संगत कोनांच्या कसोटीने रेषा समांतर, असे म्हणण्याचा अधिकार मिळतो.

ज्यांना कोनांपेक्षा समीकरणे जवळची वाटतात त्यांनी दोन रेषा य = म१·क्ष + क१ आणि य = म२·क्ष + क२ अशा लिहून पाहाव्यात (म हा चढ, क हे स्थिरपद). दोन्ही चढ समान असतील, तर कोणत्याही क्ष-ठिकाणी दोन्ही रेषांच्या उंचीतील फरक क१ − क२ इतकाच राहतो. तो शून्य नसेल तर रेषा कोठेही भेटणार नाहीत. चढ वेगळे असतील, तर क्ष = (क२ − क१)/(म१ − म२) येथे त्या नक्की भेटतात, मग ते ठिकाण कितीही दूर असो. य = क्ष आणि य = १.०१·क्ष − ५ या रेषा आलेख कागदावर काढल्या तर त्या समांतर नाहीत असे कोणी सहज म्हणणार नाही, पण क्ष = ५०० येथे त्या एकमेकींना छेदतात. समांतरतेचा निर्णय आकृती पाहून देऊ नये, असे शिक्षक बजावतात ते यासाठी.

प्रश्न: समीकरणे दिली असतील तर बिंदू शोधत बसावे लागते का?

नाही. समीकरण अ·क्ष + ब·य + क = ० या रूपात असेल आणि ब शून्य नसेल, तर चढ −अ/ब असतो. उदाहरणार्थ ६·क्ष − ४·य + ५ = ० या रेषेचा चढ −६/(−४), म्हणजे ३/२ आहे; ९·क्ष − ६·य − ७ = ० या रेषेचा चढ −९/(−६), म्हणजे पुन्हा ३/२ आहे. रेषा समांतर आहेत, जरी दोन्ही समीकरणांतील एकही संख्या सारखी नाही.

याच्या नेमका उलट फसवा प्रकार म्हणजे २·क्ष + य = ३ आणि य = २·क्ष + १ ही जोडी. दोन्हींत क्षचा सहगुणक २ दिसतो, पण पहिल्या समीकरणात य अजून एकटा केलेला नाही. तो एकटा केला की चढ −२ निघतो, तर दुसऱ्या रेषेचा चढ २ आहे. समीकरणे एकाच रूपात आणल्याशिवाय सहगुणकांची तुलना करू नये.

प्रश्न: य-अक्षाला समांतर असलेल्या रेषांचा चढ ठरवता येत नाही. मग त्या एकमेकींना समांतर कशा?

हा या विषयातील सर्वांत चांगला प्रश्न आहे. (४, −१) आणि (४, ६) यांतून जाणाऱ्या रेषेच्या चढाच्या छेदात ४ − ४, म्हणजे शून्य येते आणि शून्याने भागता येत नाही. क्ष = ४ आणि क्ष = −२ या दोन्ही उभ्या रेषा निःसंशय समांतर आहेत, तरी ‘त्यांचे चढ समान आहेत’ हे विधान त्यांना लागूच होत नाही, कारण तुलना करायला दोन संख्याच नाहीत. ‘दोन्हींचा चढ अनंत, म्हणून समान’ असे काही विद्यार्थी लिहितात. अनंत ही येथे संख्या नसल्यामुळे ते टाळावे आणि ‘दोन्ही रेषा य-अक्षाला समांतर आहेत, म्हणून एकमेकींना समांतर आहेत’ असे सरळ लिहावे.

नियम नेमका मांडायचा तर असा: य-अक्षाला समांतर नसलेल्या दोन भिन्न रेषा समांतर असतात, जर आणि तरच त्यांचे चढ समान असतात. दोघींपैकी एकीचाच चढ ठरवता येत असेल तर त्या समांतर नाहीत, आणखी काही तपासण्याची गरज नाही.

भागाकाराची अडचणच नको असेल तर दुसरी कसोटी वापरावी. अ१·क्ष + ब१·य + क१ = ० आणि अ२·क्ष + ब२·य + क२ = ० या रेषांसाठी अ१·ब२ − अ२·ब१ = ० असेल, तर त्यांची दिशा एकच असते. क्ष = ४ आणि क्ष = −२ यांच्यासाठी ही राशी १·० − १·० = ० येते; उभ्या रेषांना अपवाद म्हणून बाजूला काढावे लागत नाही. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी ही राशी आधी पाहिलेली असते: क्रेमरच्या पद्धतीत ज्या निश्चयकाने भागायचे असते तोच हा. तो शून्य झाला की पद्धत अडते, कारण तेथे एकमेव छेदनबिंदू उरलेला नसतो.

प्रश्न: चढ समान आला म्हणजे काम संपले ना?

संपले नाही. चढ रेषेची फक्त दिशा सांगतो, ती कोठे आहे हे सांगत नाही. (१, २) आणि (३, ६) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ २ आहे. (५, १०) आणि (−२, −४) यांतून जाणाऱ्या रेषेचाही चढ २ आहे. पण हे चारही बिंदू य = २·क्ष या एकाच रेषेवर आहेत. शालेय व्याख्येनुसार समांतर रेषा म्हणजे एका प्रतलातील न छेदणाऱ्या रेषा. येथे तर सर्वच बिंदू सामाईक आहेत.

तपासणी सोपी आहे. पहिल्या रेषेवरील एक आणि दुसऱ्या रेषेवरील एक बिंदू घेऊन तिसरा चढ काढावा. (१, २) आणि (५, १०) यांच्यासाठी तो ८/४ = २ येतो, म्हणजे रेषा एकच आहे; तो वेगळा आला असता, तर रेषा भिन्न आणि म्हणून समांतर ठरल्या असत्या. तीन बिंदू एकरेषीय आहेत हे दाखवण्याची पद्धत हीच आहे, म्हणून प्रश्नात बिंदू एकरेषीय आहेत का असे विचारले आहे की रेषा समांतर आहेत का, हे लक्षपूर्वक वाचावे. समीकरणांच्या भाषेत, अ आणि ब यांची गुणोत्तरे समान पण क यांचे गुणोत्तर वेगळे असेल तर रेषा समांतर, आणि तिन्ही गुणोत्तरे समान असतील तर रेषा एकच.

प्रश्न: अज्ञात संख्या काढण्याच्या उदाहरणात काय सांभाळावे?

समजा (१, २) आणि (न, ८) यांतून जाणारी रेषा ही (०, −१) आणि (३, ५) यांतून जाणाऱ्या रेषेला समांतर आहे. दुसऱ्या रेषेचा चढ ६/३ = २. म्हणून ६/(न − १) = २, यावरून न = ४. आता दुसऱ्या रेषेच्या य = २·क्ष − १ या समीकरणात क्ष = १ घातल्यास य = १ येतो, म्हणजे (१, २) हा बिंदू तिच्यावर नाही आणि उत्तर ग्राह्य आहे. याच उदाहरणात बिंदू (१, १) आणि (न, ७) असे असते, तरी न = ४ हेच उत्तर आले असते, पण मिळालेली रेषा मूळ रेषाच असती आणि अट पूर्ण करणारी न ची एकही किंमत नाही असे लिहावे लागले असते. परीक्षेत असे उदाहरण क्वचितच येईल. तरी पडताळ्याची ओळ लिहिण्याची सवय चांगली.

प्रश्न: दिलेल्या बिंदूतून जाणारी समांतर रेषा लवकर कशी काढावी?

चढ आणि बिंदू यांच्या सूत्राने जाण्यास हरकत नाही, पण क्ष आणि य यांचे सहगुणक तसेच ठेवून फक्त स्थिरपद बदलणे अधिक सोयीचे असते. २·क्ष − ५·य + ७ = ० या रेषेला समांतर आणि (४, −१) मधून जाणारी रेषा हवी असेल, तर २·(४) − ५·(−१) = १३, म्हणून रेषा २·क्ष − ५·य = १३. अपूर्णांक मध्ये येतच नाहीत.

प्रश्न: चौकोन समांतरभुज आहे हे चढांवरून दाखवताना दोन बाजू तपासल्या तर चालते का?

चालत नाही. समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर निघाली, तर तो समलंब चौकोनही असू शकतो. प(१, १), त(५, ३), र(७, ७), स(३, ५) घ्या. पत चा चढ १/२, रस चा १/२, बाजू ‘तर’ चा २ आणि सप चा २. दोन्ही जोड्या समांतर आहेत आणि शेजारच्या बाजूंचे चढ वेगळे असल्यामुळे चारही बिंदू एका रेषेत नाहीत, म्हणून चौकोन समांतरभुज आहे. शिरोबिंदूंचा क्रम मात्र दिला आहे तोच ठेवावा. पर आणि तस हे कर्ण आहेत, बाजू नव्हेत. त्यांचे चढ १ आणि −१ येतात, गुणाकार −१, म्हणजे ते परस्परांना लंब आहेत, आणि त्यावरून हा चौकोन समभुजही आहे हे न विचारताच कळते.

प्रश्न: आलेखावर दोन्ही अक्षांसाठी वेगळे प्रमाण घेतले तर समांतरता बिघडते का?

बिघडत नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. क्ष-अक्षावर १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंमी = ५ एकक असे प्रमाण घेतले, तर कागदावर प्रत्येक रेषेचा दिसणारा चढ मूळ चढाच्या एक पंचमांश होतो. य = २·क्ष आणि य = २·क्ष + १० या दोन्ही रेषांचा दिसणारा चढ ०.४ होईल, समान चढांना एकाच संख्येने भागले तर ते समानच राहतात. लंबतेचे तसे नाही. य = २·क्ष आणि य = −०.५·क्ष यांच्या चढांचा गुणाकार −१ आहे, पण अशा कागदावर दिसणारे चढ ०.४ आणि −०.१ होतात, त्यांचा गुणाकार −०.०४ येतो आणि काटकोन काटकोन दिसत नाही. कोनमापकाने कोन मोजून त्याच्या टॅनवरून चढ काढायचा असेल, तर दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखेच हवे.

मोबाइलवरील नकाशातून अक्षांश-रेखांश घेऊन प्रकल्प करणाऱ्यांना हाच मुद्दा उपयोगी पडतो. ठाणे सुमारे १९.२° उत्तर अक्षांशावर आहे. येथे अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी भरतो, तर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमीच भरतो, म्हणजे दोन अक्षांचे प्रमाण आपोआपच वेगळे झालेले असते. वाशीजवळ ठाणे खाडी ओलांडणारे रस्त्याचे पूल एकमेकांना समांतर आहेत का, हे अशा आकड्यांवरून तपासता येईल; ते पूर्व-पश्चिम दिशेशी किती अंशांचा कोन करतात, हे मात्र दुरुस्ती केल्याशिवाय सांगू नये. बिंदू शक्य तितके दूरचे घ्यावेत. क्ष-दिशेने २ एकक अंतरावरच्या बिंदूंच्या य-निर्देशकात ०.१ ची चूक झाली तर चढ ०.०५ ने चुकतो. २० एकक अंतरावर तीच चूक चढात ०.००५ इतकीच उरते. मोजमापातून आलेले चढ तंतोतंत समान निघणार नाहीत, हे गृहीत धरूनच निष्कर्ष लिहावा.

प्रश्न: रेल्वेचे रूळ वळणावरही समांतर असतात का?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हापासून या मार्गावरील दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. सरळ भागात दोन्ही रूळ समांतर रेषांचे उत्तम उदाहरण आहेत. तुर्भ्यापुढे वाशीकडे आणि नेरूळकडे जेथे फाटे फुटतात तेथे मात्र रूळ वक्र आहेत, आणि वक्राला सर्वत्र एकच चढ नसतो. तेथे इतकेच म्हणता येते की एकाच त्रिज्येवरील समोरासमोरच्या बिंदूंपाशी दोन्ही रुळांना काढलेल्या स्पर्शिका समांतर असतात. दहावीच्या व्याख्येत रेषा सरळच असते, म्हणून वळणावरील रूळ उत्तरपत्रिकेत उदाहरण म्हणून देऊ नयेत.

प्रश्न: घाटात गाडी वर जाताना चढ धन आणि त्याच वाटेने परत येताना ऋण होतो का?

प्रवाशाच्या दृष्टीने होतो, रेषेच्या दृष्टीने नाही. ठाणे जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे सुमारे ०.०२७, आणि कोन जेमतेम दीड अंश. बिंदूंचा क्रम उलटला की सूत्राच्या अंशाचे आणि छेदाचे चिन्ह एकदमच बदलते आणि भागाकार तोच राहतो. म्हणून शेजारून जाणाऱ्या दोन मार्गांवर गाड्या विरुद्ध दिशांनी धावत असल्या, तरी त्या मार्गांचे चढ समानच मानले जातात.

प्रश्न: दोन समांतर रेषांमधील अंतर चढावरून मिळते का?

चढावरून नाही, स्थिरपदांवरून मिळते. हा भाग अकरावीचा आहे. क्ष आणि य यांचे सहगुणक दोन्ही समीकरणांत सारखे करून घ्यावेत, स्थिरपदांतील फरकाचे केवलमूल्य घ्यावे आणि त्याला अ² + ब² च्या वर्गमुळाने भागावे. ३·क्ष + ४·य − ५ = ० आणि ६·क्ष + ८·य + २० = ० यांत दुसऱ्या समीकरणाला आधी २ ने भागून ३·क्ष + ४·य + १० = ० करावे लागते; मग अंतर १५/५ = ३ एकक येते. ही पायरी वगळून −५ आणि २० यांचा फरक घेतला तर ५ असे चुकीचे उत्तर मिळते.

प्रश्न: न छेदणाऱ्या दोन रेषा नेहमी समांतरच असतात का?

एका प्रतलात असतील तर होय. अवकाशात नाही. उड्डाणपुलावरून जाणारा रस्ता आणि त्याच्या खालून आडवा जाणारा रस्ता कोठेही भेटत नाहीत, तरी कोणी त्यांना समांतर म्हणत नाही, कारण दोन्हींना सामावणारे एकही प्रतल नाही. गंमत अशी की नकाशावर उंची दिसत नसल्यामुळे हेच दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. अवकाशात दिशा सांगायला एक चढ पुरत नाही. तीन अक्षांच्या दिशेने होणारे बदल एकत्र लिहावे लागतात, जसे (२, १, ३), आणि दुसऱ्या रेषेचे तिन्ही बदल त्याच प्रमाणात असतील, जसे (४, २, ६), तरच दोन भिन्न रेषा समांतर ठरतात.